अर्ध्या गुणाचा नवरा

३ ऑक्टोबर १९६६, गाडीत

सावेली इग्नात्येविच अळंबी गोळा करायला जंगलात गेला आणि पाय मोडून आला. एकोणीस वर्षं तो माझ्या नवऱ्याचा प्रशिक्षक आहे, आणि नेमका या स्पर्धेच्या आठवडाभर आधी त्याला ही अवदसा आठवली. खेळाडूंना दिलेल्या सॅनेटोरियममधली त्याची जागा वाया जाऊ नये म्हणून मी निघाले आहे. म्हणजे ग्रँडमास्टर प्लातोन येव्ग्राफोविच ल्यालिन यांच्या दिमतीला आता बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणारी बाई.

इस्पितळात भेटायला गेले तर प्लास्टरमधला पाय वर टांगलेला आणि तोंड मात्र सुरूच. "डावाआधी त्याच्याशी बोलायचं नाही. दोन सफरचंदं आणि बिनसाखरेचा चहा द्यायचा. हरला तर बोलायचं नाही. जिंकला तरी फार बोलायचं नाही."

"आणि बरोबरी झाली तर?"

"मग नेहमीसारखं राहायचं," तो म्हणाला.

नेहमीसारखंच राहत आले आहे की. जिंकलं तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. तेवीस वर्षांच्या संसारात प्लातोशाने घरी जे आणलं ते अर्धं अर्धं करून. तो क्वचित जिंकतो, पण हरतही नाही. वर्तमानपत्रं त्याला 'नेवाकाठची तटबंदी' म्हणतात, आणि प्रेक्षक 'कागद चिकटवायची खळ' म्हणतात, कारण त्याच्यासमोर बसलेला माणूस सहा तास चिकटून बसतो आणि शेवटी हात पुसत उठतो. साधं प्यादंही तो कुणाला फुकट देत नाही. घरीसुद्धा सुतळीचे तुकडे गुंडाळून ठेवतो आणि कोटाच्या खिशात साखरेचे खडे बाळगतो. त्या खड्यांना मी कधी हसले नाही. बेचाळीस साली वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये, इस्पितळाच्या ओसरीवर, आमची ओळख झाली तेव्हा त्याचं वजन त्रेचाळीस किलो होतं.

आता तो एक्कावन्नचा आहे. बारा खेळाडू, अकरा फेऱ्या. पहिले चार जण राष्ट्रीय अजिंक्यपदाला जाणार. त्यांच्यात नाही आला तर जानेवारीपासून सूतगिरणीच्या संस्कृतिभवनात बुद्धिबळमंडळाचा प्रमुख. समितीने याला 'सन्मान' म्हटलं आहे. पत्र वाचून त्याने नीट घडी घातली आणि मेजाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवलं.

५ ऑक्टोबर, किस्लोवोद्स्क

खोली चांगली, चादरी स्वच्छ. जेवणघरातले कप बघवत नाहीत. सव्वीस वर्षं चिनीमातीच्या कारखान्यात तपासनीस आहे. असा एकही कप माझ्या हातून सुटला नसता.

आमच्या मेजावर कुझ्मा दोरोफेइच म्हणून रोस्तोवचे निवृत्त इंजिनचालक आहेत. हृदयासाठी दरवर्षी येतात आणि हृदयाला न मानवणारी एकही गोष्ट सोडत नाहीत. प्लातोशाला पाहून उभेच राहिले. तो पाणी प्यायला उठल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "अग्निया तिखोनोव्हना, खरं सांगू? यांचे डाव बघायला मी उशी आणतो."

राग यायला हवा होता. पण मीही एकदाच गेले होते, एकोणपन्नास साली. पाच तास बसले, मग दोघांनी हात मिळवले. सामान ठेवायच्या खिडकीशी, चार लोकांत, मी म्हणाले होते, "एवढ्यासाठी मी रजा घेतली?" सगळे हसले होते. प्लातोशाही हसला होता. त्यानंतर त्याने मला कधी बोलावलं नाही. मलाही घरात कामं असायचीच.

७ ऑक्टोबर

पहिली फेरी. तिसऱ्या रांगेत बसले, कुझ्मा दोरोफेइच शेजारी. मंचावर सहा मेजं, भिंतीवर मोठे पट, आणि खेळ पुढे सरकला की काठीने मोहरे हलवणाऱ्या मुली. मी विणकाम नेलं होतं ते बरं झालं. चार तासांत एक मोजा झाला. प्लातोशाने मला पाहिलं तेव्हा जरा दचकला, मग टाय सरळ केला.

बरोबरी.

परत येताना पॉप्लरच्या झाडांखालून चालत आलो. "आज काय झालं?" मी विचारलं.

"बरोबरी."

"म्हणजे काहीच नाही."

"काहीच होऊ नये म्हणून मी फार मेहनत घेतली, अगाशा."

८ ऑक्टोबर

पुन्हा बरोबरी. मला डुलकी लागली. कुझ्मा दोरोफेइचनी कोपराने ढोसलं तेव्हा जाग आली, आणि मंचावरून प्लातोशा माझ्याकडेच बघत होता.

"घोरत होतीस," तो जेवताना म्हणाला.

"डोळे मिटून ऐकत होते."

"बुद्धिबळ? ऐकत होतीस?"

मी त्याला आणखी कोबी वाढला. त्याने खाल्ला नाही. पाणी बाधलं असेल, इथलं पाणी लोखंडासारखं लागतं.

१० ऑक्टोबर

काहीतरी बिनसलं आहे. लात्वियाच्या ओझोलिन्शशी डाव होता. अठराव्या चालीला प्लातोशाने घोडा अशा जागी ठेवला की प्याद्यानेही तो मारावा, आणि ओझोलिन्शने तो मारला. मला वाटलं, चूक झाली, होते माणसाकडून. पण चार चालींनी त्याने हत्तीही तसाच देऊन टाकला. ज्या माणसाने बारा वर्षांत एक रिकामी बाटली टाकून दिली नाही, त्याने. सभागृहात कुजबूज वाढली. पंचांनी 'शांतता' लिहिलेली पाटी उचलली. कुझ्मा दोरोफेइच माझं मनगट घट्ट धरून बसले होते.

दर वेळी काही देऊन टाकलं की प्लातोशा माझ्याकडे बघायचा. माझी शाल खांद्यावरून घसरते, ती नीट आहे का ते बघत असावा.

मग ओझोलिन्शने स्वतःचा राजा आडवा केला. म्हणजे तो हरला. जास्त मोहरे त्याच्याकडे असताना. मी कुझ्मा दोरोफेइचना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"बरं नाहीये का तुला?" मी प्लातोशाला विचारलं.

"का?"

"सारखा देत सुटलास."

"झोप आली नाही ना तुला?"

हे काय उत्तर झालं?

११ ऑक्टोबर

सकाळी सॅनेटोरियमच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. म्हटलं, नवरा पन्नाशी ओलांडलेला, आयुष्यभर चिक्कू, आणि एकाएकी हातातलं फेकायला लागला आहे. रक्तदाब तर नाही ना? डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "काल हत्ती दिला ते तुमचे पती?"

"हो. आणि त्याआधी घोडा."

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. "बाई, यावर औषध देऊ नका. मी विनंती करतो."

संध्याकाळी पुन्हा जिंकला, तेही वजीर देऊन. हे डॉक्टर काही कामाचे नाहीत.

१२ ऑक्टोबर

आज विश्रांती. सावेलीची तार आली: "काय चाललंय प्रश्नचिन्ह त्याला सांगा थांब". तारेत प्रश्नचिन्ह शब्दांत लिहायला पैसे पडतात, म्हणजे खरंच घाबरला असणार. तार प्लातोशाला दाखवली. त्याने वाचली आणि तिची बोट करून तळ्यात सोडली. ग्रँडमास्टर आहे म्हणे.

दुपारी कुझ्मा दोरोफेइच बाकावर येऊन बसले. म्हणाले, "मी मूर्ख आहे बाई. एवढे दिवस ओळखलंच नाही. एकोणचाळीस साली रोस्तोवला एक पोरगेलासा खेळाडू आला होता, केस विस्कटलेले. पहिल्या दहा चालींत अर्धं सैन्य उधळायचा आणि उरलेल्या अर्ध्याने राजा पकडायचा. आम्ही त्याला 'आगलाव्या' म्हणायचो. बायका यायच्या त्याचे डाव बघायला, चालीसुद्धा न कळणाऱ्या. ल्यालिनच तो. मला वाटलं होतं, युद्धात गेला."

"तो दुसरा कुणीतरी असेल," मी म्हणाले. "आमचे हे तर साखरेचे खडे मोजून ठेवतात."

"हो ना," ते म्हणाले.

तेवीस वर्षांत प्लातोशाने मला त्या केस विस्कटलेल्या पोराचं सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "तेव्हा माझ्याकडे गमवायला काही नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर तू होतीस. पाव होता. सगळं जपून ठेवावंसं वाटायला लागलं." आणि मग लगेच म्हणाला, "चल, घोडे बघायला जाऊ, तिकडे घोडे भाड्याने देतात." आम्ही घोडे बघितले. एकाने माझ्या टोपीचं फूल खाल्लं.

१४ ऑक्टोबर

काल हरला. मी सावेलीच्या सूचनेप्रमाणे गप्प राहिले. तोच बोलत होता. दोन ताटल्या खिमा भरलेल्या पेल्मेनी खाल्ल्या, आंबट साईसकट, आणि चमच्याने मेजपोसावर मला दाखवत राहिला की कुठे पूल तुटला आणि कुणाला पाण्यात उडी मारावी लागली. बरोबरी झाली की कोबीही जात नाही, आणि हरला की दोन ताटल्या. मी विचारलं, "हरल्याचं वाईट नाही वाटलं?" म्हणाला, "फार वाटलं. ती साय सरकव इकडे."

माझी शंका अशी की मी समोर बसल्याने त्याचं लक्ष उडतं. सारखा बघतो. आज मुद्दाम खांबाआड शेवटच्या रांगेत जाऊन बसले, म्हणजे त्याला शांतपणे खेळता येईल. कुझ्मा दोरोफेइचना मात्र तिसऱ्या रांगेत राहू दिलं.

चौदा चालींत बरोबरी. सावेली असता तर खूश झाला असता. प्लातोशाने मात्र कोट घालताना अस्तराच्या भोकात हात घातला, आणि विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"तिथेच होते. खांबाआड."

"खांबाआड," तो म्हणाला.

१५ ऑक्टोबर

कुझ्मा दोरोफेइचनी खांबाआड जाऊ दिलं नाही. माझ्या खुर्चीवर त्यांनी टोपी ठेवून जागा धरली होती. "बाई, तुम्हाला हात जोडतो, इथेच बसा. मला हृदयविकार आहे."

बसले. प्लातोशाने टाय सरळ केला, उंट देऊन टाकला, मग दुसरा उंटही. बावीस चालींत जिंकला. सभागृहात लोक भिंतीला टेकून उभे. दुपारी मासा दिला होता मी त्याला, उकडलेला. फॉस्फरस असतो माशात. उद्यापासून रोज मासा.

१९ ऑक्टोबर

तीन दिवस लिहिलं नाही, माशाच्या मागे होते. इथे चांगला मासा मिळवणं म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदच. एक डाव जिंकला, एक हरला, एकात बरोबरी, पण कुझ्मा दोरोफेइच म्हणाले की ही बरोबरी आगीतून पळालेल्या दोन माणसांची होती. मला फरक कळायला लागला आहे, थोडासा. काल मीच म्हणाले, "तो हत्ती तिथे उगाच बसलाय." प्लातोशाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मासा आहे.

लोक त्याला रस्त्यात थांबवतात. सॅनेटोरियमच्या धुलाईवाल्या बायका डाव बघायला येतात. एकीने त्याचा सदरा विनाकारण दोनदा इस्त्री केला. मी काही बोलले नाही, पण तिसऱ्या वेळी सदरा स्वतः घेऊन आले.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. त्याची ओळखीची पाठ होती, वाकलेली, मेजावर झुकलेली. आता तो खुर्चीत मागे रेलून बसतो. आणि मग सूतगिरणीचं पत्र आठवतं. असा खेळून खाली पडला तर? खळ कधी पडत नव्हती.

२१ ऑक्टोबर

उद्या शेवटची फेरी. हिशेब सोपा आहे, मलाही कळला. प्लातोशा चौथा आहे, पाचव्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे, आणि बरोबरी झाली तर पाचव्याने जिंकून गुण सारखे केले तरी जास्त डाव जिंकलेला म्हणून स्थान याचंच. समोर तुमान्यान, जो आधीच पहिला ठरला आहे आणि ज्याला फक्त लवकर समुद्रावर जायचं आहे. दोघांना बरोबरी हवी. त्यात माझा नवरा जगातला नामांकित.

सावेलीची तार: "बरोबरी बरोबरी बरोबरी". मी ती त्याच्या वरच्या खिशात ठेवली, रुमालाच्या मागे. उद्या मासा, दोन सफरचंदं, आणि बोलायचं नाही.

२२ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण इथून पुढे मला वेगळंच सांगत राहावं लागणार आहे.

एकोणिसाव्या चालीपर्यंत काही झालं नाही. मग तुमान्यान पुढे झुकला आणि ओठ हलवले. कुझ्मा दोरोफेइच पुटपुटले, "बरोबरी मागितली. संपलं." आणि निराश होऊन खिशातून कागदाचा द्रोण काढला. सूर्यफुलाच्या बिया. सभागृहात, बरं का, जिथे शिंकायचीसुद्धा चोरी. त्यांनी तो द्रोण माझ्या नाकासमोर धरला.

मी मान हलवली. जोरात, दोनदा. नको म्हणजे नको.

मान वर केली तर प्लातोशा थेट माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी इस्पितळाच्या ओसरीवरही पाहिलं नव्हतं. तो तुमान्यानकडे वळला आणि त्यानेही मान हलवली. दोनदा, अगदी माझ्यासारखी.

"नाकारली," कुझ्मा दोरोफेइच म्हणाले. द्रोण हातातून पडला. बिया चार रांगांखाली गेल्या.

पुढचे तीन तास मी विणकाम मांडीवर उलटं धरून बसले होते. प्लातोशाने हत्ती दिला. तुमान्यानचा राजा घराबाहेर पडला आणि अंगावर सदराही नसलेल्या माणसासारखा पटाच्या मधोमध पळत सुटला. इतर मेजांवरचे खेळाडू स्वतःचे डाव सोडून मागे येऊन उभे राहिले. काठीवाली मुलगी चाल लावायची विसरली. एक क्षण असा होता की सगळ्यांना वाटलं, झालं. मग घड्याळातली मिनिटं संपत आली, प्लातोशाने वजीर एका घराने चुकीचा ठेवला, आणि राजा निसटला. एका घराने. मलाही दिसलं.

त्याने हात पुढे केला. हरला. पलीकडच्या मेजावर पाचवा आधीच जिंकला होता, म्हणजे आता हा पाचवा.

सभागृह उभं राहिलं. पंचांनी पाटी उचललीच नाही. जिंकलेला तुमान्यान बसल्या जागी कपाळ पुसत टाळ्या वाजवत होता. कुझ्मा दोरोफेइच उघड रडत होते आणि औषधाची गोळी चुकून विणकामाच्या पिशवीत टाकत होते.

चालत परत आलो. सूचना गेल्या खड्ड्यात, मी बोलले. "कशाला नाही म्हणालास? खिशात तार होती. चौथा होतास तू."

"तूच तर नाही म्हणालीस."

"मी?"

"मान हलवलीस. मी विचारलं, तू मान हलवलीस." तो थांबला. गाल लाल झालेले, टाय मानेच्या मागे गेलेला, केस विस्कटलेले. "की मला चुकून वाटलं?"

खोटे कप मी एका बोटाने वाजवून ओळखते. इतकी वर्षं कुणाची भीड न ठेवता बाजूला काढत आले. तोंडापर्यंत आलं होतं, की बिया होत्या, प्लातोशा, बिया.

"चुकून कसं वाटेल?" मी म्हणाले. "हलवली मान. एवढ्या लांब येऊन बरोबरी बघत बसू?"

त्याने माझा हात काखेत घेतला. "क्षणभर वाटलं होतं की तुझी मान आखडली."

कुझ्मा दोरोफेइचना मी रात्रीच्या जेवणाआधी गाठलं. ते म्हणाले, "कुठल्या बिया? मी बिया खातच नाही. डॉक्टरांनी बंदी केली आहे."

२५ ऑक्टोबर, लेनिनग्राड

सावेली फलाटावर कुबड्यांवर उभा होता. थंडीने नाक लाल की रागाने, कळेना. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मी याला शिकवलं की फुकटचा अर्धा गुण सोडायचा नाही. कुणी सांगितलं याला नाकारायला?"

"मी," मी म्हणाले.

सावेली माझ्याकडे वळला. "तुम्हाला बुद्धिबळातलं काय कळतं, अग्निया तिखोनोव्हना?"

"फारसं नाही. पण डाव चांगला जमला होता."

प्लातोशाला खोकला आला. बराच वेळ आला.

"मी तिथे असतो," सावेली त्याला म्हणाला, "तर तू चौथा आला असतास."

"आलो असतो," प्लातोशा म्हणाला. "अळंबी कुठल्या जंगलात मिळतात तुला? एक टोपली पाठवावी म्हणतो तिथल्या वनरक्षकाला."

मला वाटलं आता हे एकोणीस वर्षांचं तुटणार. सावेलीने कुबडी फलाटावर आपटली. मग कुरकुरत म्हणाला, "कुठला हत्ती दिलास?"

झालं. प्लातोशा सुटकेसवर बसला, खिशातला छोटा पट काढला. हमाल 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' ओरडत दोन्हीकडून जात होते. सावेलीने एक कुबडी माझ्या हातात दिली आणि वाकला. "हं. मग राजा इथे? ... अरे, हा तर उघडा पडला. ... आणि हे तू जानेवारीत सूतगिरणीत शिकवणार?"

"हेच. तूही ये. अर्धं अर्धं करू."

"आधी हे सांग, इथे वजीर नाही, तर काय खेळायचं होतं?"

दोघांनी वजीर उचलून दोन-तीन घरांत ठेवून पाहिला. मग प्लातोशाने मान वर केली आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं, "अगाशा, तू काय खेळली असतीस?"

मी वाकून बघितलं. इतक्या लहान पटावर घोडा तेवढा मला चटकन ओळखू येतो.

"घोडा," मी म्हणाले.

सावेलीने चष्मा लावला. "कुठे?"

"ते तुम्ही बघा," मी म्हणाले, आणि कुबडी दुसऱ्या हातात घेतली.